अहो, बोट!

इंग्लंडातल्या मेडनहेडमधली मराठी माणसं दोन प्रकारची होती: काकूंनी ड्रायव्हिंग टेस्टमध्ये नापास केलेली, आणि काकू निवृत्त झाल्यावर या देशात आलेली. मी दुसऱ्या प्रकारातला. माझी टेस्ट एका जांभया देणाऱ्या गोऱ्या माणसानं घेतली आणि मी पहिल्याच खेपेला पास झालो. हे मी मराठी मंडळाच्या कोजागिरीला सहज बोलून गेलो, तर लोकांनी माझ्याकडे फुकटात जमीन मिळालेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

पण ज्याच्या वाट्याचं त्याला मिळतंच. मला काकूंनी नापास केलं ते पिस्तुलात.

'पिस्तूल' म्हटल्यावर पुण्याला आई फोनवर घाबरली होती, म्हणून आधीच सांगून टाकतो. इंग्लंडात साध्या माणसाला हँडगन बाळगायला कायद्यानं बंदी आहे. तरीही पिस्तुलाच्या स्पर्धा होतात, कारण हौस कायद्यातून वाट काढतेच. पिस्तूल दिसायला आणि वजनाला थेट खऱ्यासारखं. पण आत गॅस, आणि नळीतून सुटतो तो साबुदाण्याएवढा प्लास्टिकचा पांढरा मणी. कमरेला पट्टा, पट्ट्याला होल्स्टर, होल्स्टरमध्ये पिस्तूल. भोंगा वाजला की ते उपसायचं आणि धावत धावत पुठ्ठ्याच्या निशाण्यांवर मणी मारायचे. कमी वेळात जास्त नेम ज्याचे लागले तो जिंकला. नियम मात्र सगळे खऱ्या पिस्तुलाचे, कारण दुसऱ्या देशांत हाच खेळ खऱ्या गोळ्यांनी खेळतात. मंडळात याला 'साबुदाणा शूटिंग' म्हणत. काकूंच्या तोंडावर कोणी म्हणत नसे.

नव्या माणसाला स्पर्धेत उतरायचं तर आधी होल्स्टरचा सेफ्टी कोर्स पास व्हावा लागे. आमच्या क्लबात तो कोर्स काकू घ्यायच्या.

क्लब म्हणजे गावाबाहेरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, कार्पेटच्या गोदामामागचं एक थंडगार शेड. हीटर होता, पण त्याचं तोंड डेरेकच्या खुर्चीकडे असायचं. डेरेक हा क्लबचा चालक. जाडा, भला इंग्रज. त्याला कुणाला 'नाही' म्हणता यायचं नाही, म्हणून ते खातं त्यानं काकूंकडे दिलं होतं, आणि काकू ते निष्ठेनं सांभाळायच्या.

सत्तरीला टेकलेल्या, ठेंगण्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, कपाळाला बारीकशी टिकली, अंगात झगझगीत पिवळं जॅकेट आणि डोळ्यांवर सेफ्टी गॉगल. गॉगल चढला की काकू आम्हा मराठी मंडळींना 'तुम्ही' म्हणायच्या, उतरला की 'तू'. इंग्रजांच्या वाट्याला हाच फरक 'सर' आणि 'डार्लिंग' असा यायचा. आमच्या तुकडीतला एक प्लंबर शेवटपर्यंत याच विचारात होता की एवढ्यात आपण सरचे डार्लिंग कसे झालो.

होल्स्टरला त्या म्यान म्हणायच्या. "उपसायची घाई सगळ्यांनाच असते," हे त्यांचं पहिलं वाक्य. "त्यात शिकण्यासारखं काही नाही. म्यान करायला शिका. ठेवताना जो हळू, तो माझ्याकडे पास."

पहिल्या रविवारी त्यांनी आम्हाला पिस्तुलाला हातच लावू दिला नाही. रिकाम्या म्यानातून रिकामा हात उपसायचा, समोर न्यायचा, परत आणायचा. दुसऱ्या रविवारी पिस्तूल दिलं, तेही बिनमण्यांचं, आणि त्याच्या ट्रिगरला काकूंनी कुंकू लावून ठेवलेलं. ओलसर, तांबडंभडक कुंकू. उपसायचं, रोखायचं, म्यान करायचं, आणि मग हात पालथा करून काकूंपुढे धरायचा. तर्जनीच्या टोकाला लाल दिसलं की संपलं. वेळेआधी बोट ट्रिगरवर गेलं होतं. हळदीकुंकवाला घरोघर बायका बोलावतात. इथं एक बाई रांगेनं पुरुषांचे हात तपासायची आणि ज्याला कुंकू लागलं त्याला परत पाठवायची. प्लंबर घरी गेला तेव्हा त्याच्या बायकोनं त्या लाल बोटाबद्दल काय काय विचारलं ते त्यानं आम्हाला पुढच्या आठवड्यात सांगितलं. त्यानंतर तो बोट सरळ ठेवायला शिकला.

माझं बोट पहिल्यापासून सरळ होतं. माझी तऱ्हा वेगळीच झाली. उपसताना घामानं पिस्तूल निसटलं आणि पायावर पडलं. खाली पडलेलं पिस्तूल खेळणाऱ्यानं उचलायचं नसतं, हा काकूंचा सगळ्यात कडक नियम. जागच्या जागी थांबायचं, हात वर करायचा, बाकीचं खेळ चालवणारा रेंज ऑफिसर बघेल. हे सगळं मला तोंडपाठ होतं. पण वस्तूला पाय लागला म्हटल्यावर पुण्यातल्या मुलाचं शरीर नियम विचारत बसत नाही. मी वाकलो, पिस्तूल उचललं आणि भक्तिभावानं कपाळाला लावलं. नळीच्या बाजूनं.

काकू पुढे आल्या, माझ्या हातातून अलगद पिस्तूल काढून घेतलं, गॉगल वर केला.

"आईनं चांगलं वळण लावलंय तुला," त्या म्हणाल्या. मग गॉगल खाली केला. "माफ करा, आज नाही."

'माफ करा, आज नाही' हे वाक्य ऐकण्यासारखं होतं. ड्रायव्हिंगच्या खात्यात त्यांनी हयात घालवली होती, आणि एवढ्या वर्षांच्या सरावानं त्या वाक्याला गुलाबपाण्यात भिजवलेल्या रुमालासारखा मऊपणा आला होता. माणूस नापास झालाय हे त्याला घरी पोचल्यावर कळायचं. ओळखीच्या माणसाची परीक्षा घ्यायची नाही असा खात्याचा नियम होता. पण नव्यानं आलेला मराठी माणूस परीक्षेच्या वेळी अनोळखी असायचा आणि आठवड्यानं गणपतीत समोर मोदक घेऊन उभा राहायचा. मंडळाच्या एका अध्यक्षांनी काकूंना मोदक वाढताना विचारलं होतं, "ओळखलंत का?" काकू म्हणाल्या, "हो तर. डावीकडे वळताना आरसा नाही." अध्यक्षांनी मोदक वाढला, तूप वाढलं नाही.

घरीही त्या अशाच. टीव्हीवर कुठलीही पोलिसांची मालिका लागली की गुन्हेगार कोण याकडे त्यांचं लक्ष नसायचं. "बोट बघा मेल्याचं! जिना चढतोय आणि बोट ट्रिगरवर. अहो, बघितलंत का?" हे 'अहो' म्हणजे त्यांचे यजमान. आम्ही त्यांना काका म्हणायचो. काका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, उंच, सावकाश बोलणारे. काकू जे दाखवतील ते काका पुस्तकातून मान वर करून बघायचे आणि म्हणायचे, "फार वाईट." मग मान परत पुस्तकात.

खंडेनवमीला त्यांच्या घरी शस्त्रपूजा असायची. पाटावर रेशमी कापड, त्यावर क्लबची चार पिस्तुलं, शेजारी काकांची जुनी कंपासपेटी. आपापलं हत्यार, असं काकांचं म्हणणं. एकदा मंडळातली काही माणसं सपत्नीक आली होती. काकूंनी सगळ्यांना एका बाजूला भिंतीशी उभं केलं. समोरच्या बाजूला, जिकडे नळ्या होत्या, तिकडे फक्त देव. "देवाला चालतं," काकू म्हणाल्या. फुलं वाहायला जो पुढे येईल त्याला आधी गॉगल. एका बाईंनी नव्या पैठणीवर प्लास्टिकचा गॉगल चढवायला नकार दिला, तेव्हा काकूंनी त्यांच्या हातून झेंडू घेतला, स्वतः वाहिला आणि तितक्याच मऊ आवाजात म्हणाल्या, "माफ करा, आज नाही."

हसू येतं, पण एका माणसाचा डोळा जाताना त्यांनी पाहिला होता. खेळाच्याच मैदानावर, साबुदाण्याएवढ्या मण्यानं. ते त्यांनी एकदाच सांगितलं आणि पुन्हा कधी त्याचा उल्लेख केला नाही.

डेरेक अधूनमधून माझ्याजवळ कुरकुरायचा. नवे लोक येतात, पोरं पण येतात, दोन रविवार रिकामे हात हलवतात आणि निघून जातात. "तिला सांग ना, हे खेळणं आहे." मी विचारलं, तू का नाही सांगत? त्यानं हीटर थोडा माझ्याकडे वळवला आणि विषय बदलला.

दुसऱ्या प्रयत्नात मी पास झालो. पुढे काकूंच्या कोर्सला मदत करू लागलो. निशाणे चिकटवायचे, जमिनीवरचे मणी झाडून गोळा करायचे. रविवारी सकाळी काका-काकू मला गाडीतून न्यायचे. काका चालवायचे. काकू शेजारी बसून एक शब्द बोलायच्या नाहीत, फक्त त्यांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला जायचा. काका मला सोडायचे, काकूंना सोडायचे आणि घरी जायचे.

एका रविवारी ते गेले नाहीत. गाडी लावून आत आले आणि डेरेककडे नाव लिहून मोकळे झाले.

"घरी एकट्यानं बसून काय करू?" ते मला म्हणाले. "आणि हिला मी कधी परीक्षेत पाहिलेलं नाही. खात्यानं परवानगी दिली नाही, क्लब तरी देतोय."

काकूंनी गॉगल चढवला. "या," म्हणाल्या. "रांगेत उभे राहा."

रेंजवरही त्या त्यांना 'अहो'च म्हणायच्या. दुसरं काही म्हणायची जिभेला सवयच नव्हती. त्यामुळे इंग्रजांना वाटलं, 'अहो' हा मराठी सेफ्टीचा शब्द आहे. काका पिस्तूल उपसायचे आणि शेडभर हाक घुमायची, "अहो, बोट!" पुढे पुढे प्लंबरसुद्धा नव्या लोकांवर खेकसायला लागला, "आहो, बोट!" त्याला अर्थ विचारला तर म्हणाला, "केअरफुल, फिंगर." तसा तो फार चुकला नव्हता.

पहिल्या परीक्षेत काका खरोखरच नापास झाले. बोटाला कुंकू होतं. त्यांनी बोट स्वतःच्याच कपाळाला पुसलं, सगळे हसले.

दुसऱ्या परीक्षेच्या वेळी मी शेजारीच उभा होतो. पद्धत अशी असते: खेळणारा निशाण्यांकडे तोंड करून उभा राहतो, दोन्ही हात मांडीशी सैल सोडलेले. मागून ऑफिसर विचारतो, "आर यू रेडी?" मग "स्टँड बाय", मग क्षण-दोन क्षण काही नाही, आणि मग भोंगा. काकांनी भोंग्यावर शांतपणे उपसलं, नेम धरला, मणी मारले, पिस्तूल रिकामं करून दाखवलं, हळूच म्यान केलं. आधीच्या बिनमण्यांच्या कुंकवाच्या फेरीतही बोट स्वच्छ. नळी सरळ. मला तर त्या दिवसातलं ते सगळ्यात सुबक काम वाटलं.

काकूंनी गॉगल काढून पुसला आणि परत चढवला. मग म्हणाल्या, "माफ करा, आज नाही."

"काय चुकलं?" काकांनी विचारलं.

"पुढच्या वेळी सांगते."

पुढच्या वेळीही तसंच. बोट स्वच्छ, नळी सरळ, आणि "आज नाही." काका हसले, मान हलवली आणि हात खिशात घालून चहाच्या टेबलाकडे गेले. डेरेक माझ्या कानात म्हणाला, "घरी काही झालंय का यांचं?" मलाही राग आला. आपल्या माणसाला झुकतं माप द्यायचं नाही हे ठीक. पण त्याच्याच पदरात खोटं माप टाकायचं ही कुठली तऱ्हा?

त्या दिवशी काका डेरेकबरोबर निशाण्यांच्या चौकटी आणायला व्हॅनमधून गेले होते, म्हणून मला सोडायला काकू एकट्याच होत्या. गाडी त्या चालवत होत्या. मी धीर केला.

"काकू, एक विचारू? काकांचं नक्की काय चुकतं? मी नीट बघितलं. बोट बाहेर होतं."

"तू बोटाकडे बघतोस."

"मग तुम्ही कशाकडे बघता?"

त्यांनी आरसा बघितला, सिग्नल दिला आणि गाडी डावीकडे एका बंद पबच्या पार्किंगमध्ये नेऊन उभी केली. हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं. गॉगल नव्हता, तरी डोळे चोळले.

"स्टँड बाय म्हटल्यावर हात सैल सोडायचा असतो ना, तेव्हा त्यांचा उजवा हात थरथरतो," त्या म्हणाल्या. "पिस्तूल धरलं की थांबतो. काही करत असले की थांबतो. नुसता लोंबत असला की चालू. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासतात, तपकीर चोळल्यासारखे. घरी हा हात मला कधी सैल दिसतच नाही रे. पुस्तक असतं, नाहीतर खिशात असतो. एवढ्या वर्षांत मी त्यांना नुसतं उभं राहिलेलं पाहिलं ते या परीक्षेत."



"पहिल्यांदा वाटलं, थंडीनं असेल. म्हणून नापास केलं. नापास केलं की परत उभे राहणार, परत बघता येणार. दुसऱ्यांदा हीटर मीच त्यांच्याकडे वळवला होता. तरी तेच." त्यांनी स्टिअरिंगवरचे हात घड्याळातल्या दहा-दोनच्या जागी नेऊन ठेवले, शिकाऊ माणसासारखे. "एवढी माणसं नापास केली मी. शिव्याशाप घेतले. पण चुकीचा निकाल एकालाही दिला नव्हता. आता दिला. दोनदा. आणि कुणाला, तर यांना."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"त्यांना सांगितलं तर दाखवू ना."

त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी काकांना सांगितलं. हे मला पुढे काकांकडूनच कळलं. जीपीनं, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरनं, हॉस्पिटलला पाठवलं, तिथे काही आठवडे थांबावं लागलं, आणि मग एका तरुण डॉक्टरणीनं नाव सांगितलं: पार्किन्सन्स, सुरुवातीचा, उजव्या बाजूचा. मी भेटायला गेलो तर काका नेहमीच्या खुर्चीत होते, पुस्तक मिटलेलं, हात मांडीवर उघडा. तो थरथरत होता आणि काका त्याच्याकडे वर्गातल्या व्रात्य मुलाकडे बघावं तसं बघत होते.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. काकू स्वयंपाकघरात चहा करत होत्या. काकांनी आवाज खाली आणला. "वर्षभर माहीत होतं. पण बायको ड्रायव्हिंग एक्झॅमिनर. म्हटलं, हिला कळलं की आधी गाडीची चावी काढून घेईल, मग डॉक्टरला फोन करेल. म्हणून खिशात हात. मग मनात आलं, एकदा बघावं तरी, हा हात अजून काही धरू शकतो का. म्हणून पिस्तूल."

"आणि तुम्ही थेट त्यांच्याच समोर हात सैल सोडून उभे राहिलात?"

"गणिताचा माणूस मी. एवढं साधं गणित चुकलं."

चावी खरंच गेली. लायसन्सवाल्यांना कळवणं बंधनकारक असतं, ते काकूंनी चहा निवायच्या आत कळवलं. पण गंमत अशी की काही महिन्यांनी तिकडून काकांची गाडी चालवण्याची तपासणी झाली. काकूंचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, आणि काका पास झाले. परवाना मिळाला, ठरावीक मुदतीचा. "मी असते तर विचार केला असता," काकू म्हणाल्या. त्यांचा पाय मात्र तेव्हापासून शेजारच्या सीटवर जास्तच जोरात दाबला जायला लागला.

क्लबात वेगळंच नाटक झालं. एका रविवारी काकू पिवळं जॅकेट घडी करून घेऊन आल्या आणि डेरेकच्या टेबलावर ठेवलं.

"मी एका उमेदवाराला चूक नसताना नापास केलं," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "दोनदा. मला इथून काढावं लागेल."

डेरेकनं विचारलं, कोणाला? काकूंनी सांगितलं, नवऱ्याला. डेरेकनं चहाचा कप खाली ठेवला.

"काही चूक नसताना नवऱ्याला नापास केलं म्हणून काढायचं म्हटलं," तो म्हणाला, "तर या देशात एकही बाई नोकरीत राहणार नाही."

काकू हसल्या नाहीत. डेरेकनं पहिल्यांदाच कुणाला तरी 'नाही' म्हटलं. जॅकेट उचलून त्यांच्या खांद्यावर टाकलं आणि हीटर त्यांच्याकडे फिरवला. पण काकूंची एक अट त्याला मानावी लागली: काकांची परीक्षा आता त्यांनी घ्यायची नाही, आमच्या क्लबातल्या कोणीच घ्यायची नाही.

खरं तर काकांनी नाद सोडला होता. "झालं तेवढं पुरे. या हातानं आता कसलं पिस्तूल?"

"डावा आहे ना," काकू म्हणाल्या.

त्यांनी डाव्या हाताचं होल्स्टर मागवलं आणि काकांना घरीच दिवाणखान्यात पहिल्या धड्यापासून बसवलं. म्हणजे रिकाम्या म्यानातून रिकामा हात. काका म्हणाले, हे मला येतं. काकू म्हणाल्या, उजव्या हाताला येतं, डाव्याला कोणी शिकवलंय? एवढ्या वयात डाव्या हाताला नवं वळण लावायचं म्हणजे हाल. काका पट्टा चुकीच्या बाजूला बांधायचे, उपसताना शर्ट उपसायचे, चिडायचे. त्यांना चिडलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. एकदा म्हणाले, "तुला माझी दया येते म्हणून चाललंय हे सगळं." काकू म्हणाल्या, "दया आली असती तर पास केलं असतं. परत करा."

परीक्षेसाठी मँचेस्टरचा एक क्लब ठरला, कारण तिथं कोणी ओळखीचं नव्हतं. मी गाडी चालवली. मागच्या सीटवर दोघं, मध्ये होल्स्टरची पिशवी. वाटेत काकूंनी धपाटे आणि दह्याचा डबा काढला. वाढतानाही पिस्तुलाची पेटी कुणाकडे तोंड करून आहे ते त्या बघत होत्या.

मँचेस्टरचा परीक्षक पोरसवदा होता, कोवळ्या दाढीचा, पण अगदी काटेकोर. त्यानं काकांचा थरथरता हात बघितला, विचारपूस केली, गोळ्यांची वेळ विचारली आणि त्यांना बाकीच्यांसारखंच रांगेत घेतलं. काकू टेपच्या पलीकडे उभ्या. काकांनी डाव्या हातानं उपसलं, मारलं, सगळं नीट. आणि म्यान करताना, अगदी शेवटच्या क्षणी, होल्स्टरकडे बघायचं सोडून त्यांनी मान वळवून बायकोकडे बघितलं. नळी पायाकडे झुकली.

"स्टॉप," पोरगा म्हणाला. "आय ॲम सॉरी, सर."

मी काकूंकडे बघितलं. त्यांचा चेहरा उजळला होता.

"बरोबर नापास केलं," त्या म्हणाल्या. "अगदी बरोबर! म्यान करताना बायकोकडे कोण बघतं?" त्या सरळ जाऊन त्या पोराचा हात हातात घेऊन त्याचं अभिनंदन करायला लागल्या. तो बिचारा गोंधळला. परतीच्या वाटेवर काका गप्प होते आणि काकू गुणगुणत होत्या. मोटरवेवर कुठेतरी काका म्हणाले, "नापास झाल्याचा एवढा आनंद माझ्या आईलाही झाला नसता."

"खऱ्या चुकीसाठी झालात हो," काकू म्हणाल्या. आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या. मला आरशात दिसत होतं, पण मी रस्त्याकडे बघितलं.

पुढच्या खेपेला ते पास झाले. काकूंना त्या दिवशी मुद्दाम बाहेर गाडीत बसवून ठेवलं होतं.

मी पुण्याला परतायच्या आधीच्या वसंतात आमच्या क्लबची स्पर्धा होती. काकांची पहिलीच. काकूंनी त्या गटाचं काम डेरेककडे दिलं आणि स्वतः पिवळं जॅकेट काढून प्रेक्षकांत उभ्या राहिल्या, हातात काही नाही. त्यांना असं रिकाम्या हातानं उभं राहिलेलं कोणी पाहिलं नव्हतं. आपल्याच हातांचं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं.

काका रेषेवर आले. "आर यू रेडी?" डेरेकनं विचारलं. काकांनी मान हलवली. "स्टँड बाय." दोन्ही हात सैल. उजवा हात सगळ्यांसमोर मांडीशी थरथरू लागला, लपवायला खिसा नाही, पुस्तक नाही. शेडमध्ये इतकी माणसं होती, पण पत्र्यावरच्या कावळ्याची पावलं ऐकू येत होती. भोंगा वाजला. डाव्या हातानं पिस्तूल वर आलं.

ते सावकाश खेळले. एका निशाण्यावरून दुसऱ्यावर फळ्यावर गणित सोडवत जावं तसे, एक पायरी न गाळता. शेवटच्या निशाण्याला मणी लागला तेव्हा लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. प्लंबर तर शिट्ट्या मारत होता. वेळेच्या हिशेबात काका सगळ्यांत शेवटी आले, हे कोणी मोजायच्या आधीच दिसत होतं.

काकूंनी टाळी वाजवली नाही. माणसाच्या हातात पिस्तूल असताना टाळी वाजवून त्याचं लक्ष विचलित करायचं नसतं, असं त्यांचं मत होतं आणि त्या मतापासून आजही ढळायची त्यांची तयारी नव्हती. डेरेकनं पिस्तूल रिकामं आहे ना ते पाहिलं. काकांनी खाली मान घालून, होल्स्टरकडे बघत, ते सावकाश म्यान केलं. "रेंज इज क्लिअर," डेरेक ओरडला. तोवर लोकांच्या टाळ्या संपल्या होत्या, माणसं चहाकडे वळली होती.

मग काकूंनी टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच, बराच वेळ.